सहा विधुर आणि आरपार वारा

आमच्या गल्लीतल्या अर्ध्या लोकांना अजून वाटतं की माझा नवरा फ्रिज दुरुस्त करतो. कॉम्प्रेसर बनवतो म्हटल्यावर त्यांना दुसरं काय वाटणार? परवाच खाटकाची बायको सांगत आली, "झिवादिनला पाठव गं, आमच्या फ्रिजमधलं मांस घामाघूम झालंय." त्याआधी एकजण ट्रॅक्टरचं चाक घेऊन हवा भरायला आला होता. झिवादिनने त्याला आत बसवलं, राकिया पाजली आणि दीड तास समजावलं की आपला कॉम्प्रेसर हवा दाबत नाही, आवाज दाबतो. तो बिचारा चाक घेऊन, झुलत झुलत, तसाच परत गेला.

मी दीड तास घेणार नाही. गाणारी बाई आधी कुजबुजते आणि मग एकदम गळा काढते, तेव्हा रेकॉर्डिंग करणाऱ्याची पंचाईत होते. ही पेटी मधे बसते. बाई ओरडली की तिला खाली ओढते, कुजबुजली की वर उचलते, आणि हे इतक्या बेमालूम की ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. आता हे काम संगणक फुकटात करतो. पण बर्लिनच्या, सोफियाच्या स्टुडिओवाल्यांना ती जुन्या धाटणीचीच पेटी हवी असते, आत जुन्या रेडिओसारखे काचेचे व्हॉल्व्ह लालसर तापलेले, बाहेर हलणारा काटा. जुन्या खऱ्या पेट्या आता मिळत नाहीत, मिळाल्या तर परवडत नाहीत. म्हणून इथे सर्बियात, आमच्या निश गावात, पूर्वी जिथे आम्ही डुक्कर ठेवायचो त्या खोलीत, झिवादिन तशाच नव्या बनवतो.

मला यातलं कळतं, कारण व्हॉल्व्हच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर मी बावीस वर्षं काढली. झिवादिन तिथेच मेकॅनिक होता, आणि त्याचा जिवलग स्टामेन्कोही. स्टामेन्को आमचा कुम. म्हणजे आमच्या लग्नात साक्षीला उभा राहिलेला, आमच्या लेकीला बाप्तिस्म्याच्या वेळी हातात धरणारा. भाऊ एकवेळ तोडता येतो, कुम तोडता येत नाही. आणि या दोन गाढवांनी तो अकरा वर्षं तोडून दाखवला.

कशावरून? जमीन? बाई? पैसा? छे. वाऱ्यावरून.

जुलैचा महिना होता. दोघं त्या डुकराच्या खोलीत काम करत होते. बारा व्हॉल्व्ह पेटलेले, आत भट्टी झालेली. स्टामेन्कोने खिडकी उघडली. इथवर ठीक होतं. पण त्या नतद्रष्टाने दारही उघडलं. समोरासमोर! आरपार वारा! आमच्याकडे पोटातलं पोरही जाणतं की आरपार वाऱ्याने माणूस मरतो. मान धरते, मूत्रपिंडं जातात, तोंड वाकडं होतं. झिवादिनची मान खरंच धरली. महिनाभर तो खिडकीतल्या घुबडासारखा अख्खं अंग वळवून बघायचा. वर म्हणाला, "याने मला मारायचा प्रयत्न केला." स्टामेन्को म्हणाला, "आणि तू मला भाजत होतास, त्याचं काय?" झालं. एकाने दुसऱ्याला खुनी म्हटलं, दुसऱ्याने पहिल्याला म्हातारी म्हटलं, आणि बोलणं बंद.

मग सामानाची वाटणी. मीटर आम्हाला, कारखान्यातलं मोठं करडं तपासणी यंत्र त्यांना. राहिले ते बारा व्हॉल्व्ह.

त्या बारांचं सांगायलाच हवं. कारखाना बंद होण्याच्या शेवटच्या आठवड्यात मी ते शेकड्यांतून निवडले होते. सहा जोड्या. दोन कानांसाठी जी दुहेरी पेटी असते, डावी आणि उजवी, तिच्यात दोन्हीकडचे व्हॉल्व्ह तंतोतंत सारखे लागतात. एक जरा जास्त ओढायला लागला की मधोमध उभी असलेली गाणारी बाई सरकत सरकत कोपऱ्यात जाते. या दोघांचं स्वप्न तीच दुहेरी पेटी. एकेरी पेट्यांना आजकालचे नवे व्हॉल्व्ह चालतात, या पेटीला हेच हवेत असं दोघांचं ठाम मत. मी प्रत्येक जोडीला कागदाची पट्टी चिकटवून पेन्सिलीने नंबर घातले होते. एक आणि एक, दोन आणि दोन.

आता एका पेटीला तीन जोड्या पुरतात, म्हणून कोणीही शहाणा माणूस तीन जोड्या तुला, तीन मला, असं करेल. पण हे म्हणाले, नाही, प्रत्येक जोडीतला एक तुला, एक मला. समान वाटणी! म्हणजे बुटाच्या सहा जोड्यांतले डावे एकाने घ्यायचे आणि उजवे दुसऱ्याने. मी कपाळावर हात मारला. झिवादिन म्हणाला, "माझी नाही झाली तरी चालेल, त्याची होता कामा नये." पलीकडे स्टामेन्को हेच म्हणत होता, हे मला रादुंकाने सांगितलं.

रादुंका म्हणजे स्टामेन्कोची बायको. नवऱ्यांचं फाटलं म्हणून आम्ही का फाडायचं? अकरा वर्षं दर गुरुवारी आम्ही बाजारामागच्या केस कापणारीच्या दुकानात कॉफी प्यायलो. झिवादिनला वाटायचं, बायको फार टापटीप राहते.

तर असे सहा विधुर आमच्याकडे आणि सहा विधवा त्यांच्याकडे. दुहेरी पेटीचं खोकं, दोन काट्यांसकट, अकरा वर्षं कपाटावर पडून. मी त्यावर विणलेला रुमाल घातला आणि फुलदाणी ठेवली. झिवादिन रोज बघायचा आणि तोंड फिरवायचा. दर नोव्हेंबरात मात्र, आमच्या स्लावाच्या आधी, तो ते सहा काढायचा, पुसायचा, मीटरवर मोजायचा. चुकून त्यातले दोन एकमेकांशी जुळले तर? कधीच जुळले नाहीत. मग पुन्हा मोज्यांत गुंडाळून ठेवायचा.

स्लावा म्हणजे घराण्याच्या संताचा दिवस, आमचा संत मिखाईलचा. त्या दिवशी कोणाला बोलवायचं नसतं. दार उघडं, ज्याला यायचं तो येतो. अकरा वर्षं मी टेबलाच्या उजव्या टोकाला एक ताट जास्तीचं मांडलं. झिवादिन म्हणायचा, "स्लावाला आमंत्रण देत नाहीत. त्याला रस्ता माहीत आहे." तिकडे स्टामेन्को म्हणायचा, "खुनी म्हणून हाकललं मला. आधी बोलवू दे." सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभही जळत नव्हता.

हे असंच दोघांच्या थडग्यापर्यंत गेलं असतं. पण सप्टेंबरात मी झिवादिनला ओढत कानाच्या डॉक्टरकडे नेलं, कारण घरात फोन वाजायचा आणि हा ढिम्म बसायचा. नर्सने त्याच्या कानांवर ते हेडफोन चढवले. आवाज आला की बटण दाबायचं. हा पठ्ठ्या न चुकता दाबत होता. मी कोपऱ्यात बसून बघत होते. तो ऐकत नव्हता, नर्सच्या हाताकडे बघत होता! तिने कळ फिरवली की हा बटण दाबायचा. मी म्हटलं, "बाई, जरा पाठ करून बसा." मग कळलं. वरच्या पट्टीतलं जवळजवळ सगळं गेलेलं. डॉक्टर म्हणाला, उरलंय तेही उताराला लागलंय, वसंतापर्यंत बरंच जाईल.

बाहेर आल्यावर झिवादिन बाकावर बसला. टोपी हातात गोल गोल फिरवत होता. म्हणाला, "दुहेरी पेटी राहिली."

"मग कर की," मी म्हटलं.

"शेवटचं जुळवणं कानाने करायचं असतं, पेर्सिदा. आवाज धरल्यावर किती हळू सोडायचा, ते मीटर सांगत नाही. आत्ता झाली तर झाली. नंतर मी बनवलेली पेटी मलाच ऐकू येणार नाही."

मला एकदम रडू आलं. सत्तर वर्षांचा हेकट म्हातारा, पण माझा आहे. तो म्हणाला, "कोणाला सांगू नकोस." गुरुवार होता. तासाभरात मी रादुंकाला सांगितलं.

रादुंकाने कॉफीचा कप खाली ठेवला. म्हणाली, "माझ्याकडचे आणते तीन. तू तुझ्याकडचे तीन आण."

मला आधी कळेना. मग कळलं आणि मी तिच्या गालाचा मुकाच घेतला. तिकडचे एक-दोन-तीन इकडे, इकडचे चार-पाच-सहा तिकडे. दोन्ही घरी सहाच्या सहा राहतील, पण प्रत्येक घरी तीन जोड्या होतील, आणि दोन्ही घोडी आपापली मोजतील तेव्हा व्हॉल्व्ह आपोआप जुळलेले दिसतील. तिकडचे सगळेच आणून चालणार नव्हतं, स्टामेन्को रोज नग मोजून ठेवतो. "तो मला एवढं कधी मोजत नाही," रादुंका म्हणाली.

पुढच्या आठवड्यात आयवारच्या चटणीसाठी मिरच्या भाजायला म्हणून आम्ही तिच्या बहिणीकडे जमलो. अख्खं निश त्या दिवसांत मिरच्या भाजत असते, धुरात कोण कोणाला बघतंय? रादुंका तीन व्हॉल्व्ह लोकरी मोज्यांत घालून घेऊन आली, मीही. जुने नंबर खोडायला रबर नव्हतं, तर पावाचा गर चोळला, कारखान्यात करायचो तसा. मग दोन्ही घरी पुन्हा एक ते सहाच दिसावेत म्हणून मी माझ्याच हाताने नवे नंबर घातले. दोघींची बोटं मिरच्यांनी लाल. रादुंका म्हणाली, "कुमा, आपण तुरुंगात गेलो तर एकाच खोलीत टाकतील ना?"

नोव्हेंबर आला. स्लावाला दोन आठवडे होते. झिवादिनने सहा काढले, पुसले, मोजायला बसला. मी शेजारी तांदूळ निवडत होते, मान वर न करता. तो मोजतोय, लिहितोय, पुन्हा मोजतोय. मग त्याने पेन्सिल खाली ठेवली.

"पेर्सिदा, आज वार कुठला?"

"मंगळवार."

"मी सकाळी काय खाल्लं?"

"बुरेक. तीन तुकडे. का रे?"

"काही नाही." पण चेहरा पांढराफटक. त्याने मीटरची बॅटरी बदलली. पुन्हा मोजलं. मीटर खोलून वाटाणे निवडावेत तसे त्याचे स्क्रू निवडले. पुन्हा मोजलं. मग सगळं मोज्यांत घालून, गळ्याला मफलर गुंडाळून पलंगावर जाऊन पडला. मला वाटलं, आता उद्या उठून पेटी करायला घेईल. कुठलं काय! उद्या नाही, परवा नाही. व्हॉल्व्ह मोज्यांत आणि हा मूग गिळून.

गुरुवारी रादुंका माझ्याआधी येऊन बसली होती. "आमचा तर यंत्राशी बोलायला लागलाय," ती म्हणाली. "विचारतो, वेड लागायला सुरुवात कुठून होते. काल तर म्हणाला, माझ्यामागे शेळी विकू नकोस."

"सांगून टाकूया का?"

"सांगितलं तर ही दोघं आपल्याशी बोलणं बंद करतील, आणि एकमेकांशी बोलणार नाहीत ते नाहीतच."

मग आम्ही सांगितलं नाही. पण रात्री झिवादिन उताणा पडून छताकडे बघायचा तेव्हा मला आतून खायला उठायचं. चांगलं करायला गेले आणि म्हाताऱ्याची होती ती उमेदही घालवली, असं वाटायचं.

स्लावाचा दिवस. मेणबत्ती लावली, पाव कापला, सार्माचं, म्हणजे कोबीच्या पानांत गुंडाळलेल्या खिम्याचं, भांडं उतू जातंय इतकं भरलं. आमच्यात या दिवशी घरधनी बसत नाही, उभ्याने सगळ्यांना वाढतो. झिवादिन मफलर लावून उभा होता. खाटीक, खाटकाची बायको, लेक, जावई, सगळे जमले. उजव्या टोकाचं ताट रिकामं.

दुपारी बारा वाजता दार वाजलं. मी उघडलं. दारात स्टामेन्को! नवा कोट, दाढी करताना गाल दोन ठिकाणी कापलेला, एका हातात तुळस आणि वाइनची बाटली, दुसऱ्या हातात अंड्यांचं खोकं. मागे रादुंका, जगातली सगळ्यात निरागस बाई असल्यासारखी.

 खाटकाच्या घशात सार्मा अडकला.

"स्लावा शुभ असो, घरधन्या," स्टामेन्को म्हणाला.

झिवादिनने त्याच्याकडे बघितलं. अख्खं अंग वळवून. "बस. सूप निवतंय," तो म्हणाला. जणू गेल्या वर्षीही हा आलाच होता.

पण स्टामेन्को बसला नाही. त्याच्याजवळ गेला आणि हळू म्हणाला, म्हणजे त्याच्या मते हळू, "कुम, माझं डोकं फिरलंय का ते बघ. व्हॉल्व्ह जुळतायत. माझ्यातलेच. तीन जोड्या." आणि अंड्यांचं खोकं उघडलं. त्यात सहा काचेच्या विधवा बसलेल्या.

झिवादिनने सुपाचा डाव जावयाच्या हातात दिला. स्लावाच्या दिवशी घरधनी पाहुण्यांना सोडून निघून गेला, असं निशमध्ये आजवर झालेलं नाही. दोघं त्या खोलीत शिरले. आम्ही दोघी मागोमाग, दारातच थांबलो.

झिवादिनने आपले सहा टेबलावर मांडले. मग एक उचलला, कागदाच्या पट्टीवर अंगठा घासला आणि अंगठा स्टामेन्कोच्या नाकापुढे धरला. काळा.

"अकरा वर्षांची पेन्सिल अशी निघते?"

स्टामेन्कोने आपला अंगठा आपल्या पट्टीवर घासला. काळा. मग दोघं सावकाश दाराकडे वळले. "सार्मा करपतोय," असं म्हणून रादुंका निघाली होती, मी तिची ओढणी धरून ठेवली. एकटीला कशी जाऊ देते?

"तुला कधी कळलं?" स्टामेन्कोने विचारलं.

"दुसऱ्या दिवशी सकाळी. उजेडात."

मी मधेच उसळले. "आणि दोन आठवडे तोंड पाडून बसलास? मला वाटलं तू मरतोस!"

"याचा अंगठा कधी चालतो ते बघत होतो," तो म्हणाला.

"पण मग तुझ्याकडे जोड्या होत्या," स्टामेन्को म्हणाला. "पेटी केली का नाहीस?"

झिवादिन घरात गेला. कपाटावरून खोकं आणलं, माझी फुलदाणी बाजूला ठेवली, माझा रुमाल खिशात कोंबला. व्हॉल्व्ह बसवले. ते तापेपर्यंत त्याने टेप शोधली. आमची चाचणीची टेप एकच, कारखान्याच्या कार्यक्रमात रादुंका गायली होती ती. हिचा आवाज असा की पहिल्या रांगेतल्या डायरेक्टरची टोपी उडाली होती. खरं तर ही पेटी करायची कल्पनाच त्या दिवशी निघाली.

टेप सुरू झाली. रादुंका हळू सुरू झाली, मग चढली. दोन्ही काटे एकदम, एका मापाने, मागे गेले. तरणी रादुंका खोलीच्या मधोमध उभी राहिली, डावीकडे नाही, उजवीकडे नाही. माझ्या शेजारची म्हातारी रादुंका माझा दंड घट्ट धरून होती.

झिवादिन डोकं कलतं करून बटण फिरवत होता. थोडं इकडे. थोडं तिकडे. आणि मला एकदम दिसलं. तो पेटीकडे बघत नव्हता. स्टामेन्कोच्या तोंडाकडे बघत होता, त्या नर्सच्या हाताकडे बघायचा तसा. स्टामेन्कोच्या भुवया वर गेल्या की बटण थांबायचं.

स्टामेन्कोलाही कळलं. "माझ्या तोंडावर काय लिहिलंय?"

झिवादिनने हात खाली घेतला. "वरचं मला येत नाही. ऐकू."

"कधीपासून?"

"तुझ्या त्या खिडकीपासून."

हे खोटं होतं. डॉक्टरने वय म्हटलं होतं, वारा नाही. मी तोंड उघडलं, पण रादुंकाने मला चिमटा काढला. स्टामेन्को टेबलाला धरून उभा होता. अकरा वर्षं ज्याला म्हातारी म्हणून हिणवलं, त्याचे कान आपण घेतले, हे त्याला मनापासून पटलेलं दिसलं. 

झिवादिनने त्याच्या खांद्याला धरून त्याला आपल्या खुर्चीत बसवलं. "कान तू घेतलेस," तो म्हणाला, "तर आता तूच ऐक. मी फिरवतो, तू सांग."

स्टामेन्कोने बाहीने नाक पुसलं. टेप पुन्हा सुरू झाली. रादुंकाचा वरचा सूर येईपर्यंत तो डोळे मिटून होता. मग त्याने डोळे उघडले आणि माझ्याकडे आणि रादुंकाकडे असं खवळून बघितलं की आमचं काही खरं नव्हतं.

"दार लावा!" तो ओरडला. "खिडकी उघडी आहे, अक्कल आहे का? याच्या कानाला वारा लागतोय!"